कवळाण्याचा गोपाळ आणि पुस्तकांची कपाटं

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशन संपलं होतं, ओरल्सना आठवडा होता आणि मला मराठ्यांच्या इतिहासावरचं एक जाडजूड पुस्तक वाचायची हुक्की आली. एका ग्रंथालयात गेलो (नाव कशाला घ्या!). पुस्तक समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होतं, पण कपाटाला कुलूप आणि चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. वर काउंटरवरून प्रश्न आला की इंजिनिअरिंगच्या मुलाला इतिहास कशाला लागतो? मी गप्प परत आलो. पण कुलूपबंद कपाट डोक्यातून जाईना. तेव्हाच आठवण झाली आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलाची, ज्याने मोठेपणी अशी कपाटं उघडायचा सपाटा लावला होता.

मित्रांनो, मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे गाव आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? तिथे मार्च १८६३ मध्ये काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळ जन्मला. आडनाव राजघराण्याचं, पण राहणी साध्या शेतकऱ्याची. बारा वर्षांचा होईपर्यंत गोपाळचा आणि अक्षरांचा फारसा संबंध आला नव्हता.

इकडे बडोद्यात १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि कवळाण्याची मुलं बडोद्याला नेण्यात आली. असं सांगतात, की इथे कशाला आलात असं विचारल्यावर बाकीची मुलं गोंधळली, गोपाळने मात्र राज्य करायला आलो असं बिनधास्त सांगून टाकलं. खरंखोटं कोण जाणे, पण निवड त्याचीच झाली. २७ मे १८७५ रोजी गोपाळचा सयाजीराव झाला.

आता विचार करा. बाराव्या वर्षी धुळाक्षरं गिरवायची, आणि तीही मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांची! आपल्याला एम-थ्री जड जातं. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले होते, तर दिवाण सर टी. माधवराव कारभाराचे धडे देत. पोराने मान मोडून अभ्यास केला. डिसेंबर १८८१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याची पूर्ण सूत्रं त्याच्या हाती आली. लहानपणी हुकलेलं शिक्षण किती मोलाचं असतं, हे या राजाला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

आपल्या लोकांसाठी म्हणून आधी दोन गोष्टी सांगतो. १८९० साली महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं. प्रा. त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्रमुख. रंगकामापासून यंत्रकामापर्यंत हाताचं शिक्षण तिथे मिळे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके तिथेच शिकले. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पायातली एक वीट कवळाण्याच्या माणसाने घातली म्हणायची! दुसरी गोष्ट पाण्याची. १८९२ मध्ये आजवा तलावातून बडोदा शहराला नळाने पाणी आलं. ही योजना जगन्नाथ सदाशिव हाटे या मराठी इंजिनिअरची.

महाराजांना वाचनाचं, त्यातही इतिहासाचं वेड होतं. १८८९ मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई त्यांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं हे त्यांचं काम. मुलांना इतिहास शिकवायचा तर मराठीत धड पुस्तक नाही, म्हणून सरदेसाई टिपणं काढू लागले. त्या टिपणांतूनच पुढे रियासतीचे खंड उभे राहिले, पहिला १८९८ साली. मला त्या काचेआड दिसलेलं पुस्तक याच रियासतीतलं होतं!

महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते राज्यभर लागू केलं. पण मग एक अडचण लक्षात आली. मुलं चार यत्ता शिकतात, शेतीत जातात आणि हाताशी पुस्तकच नसल्यामुळे चार वर्षांत वाचायचंच विसरतात. म्हणजे सगळा खर्च पाण्यात.

याचं उत्तर महाराजांना अमेरिकेच्या दौऱ्यात सापडलं. तिथली फुकट सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अनुभवी ग्रंथपालाला बडोद्यालाच आणलं. मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तकं त्याला देऊन टाकली. वर्गणी नाही, कुलूप नाही; मांडणीवर जा, चाळा आणि घरी न्या. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, म्हणजे वाचनालयं महाराष्ट्राला नवी नव्हती. पण सरकारी पैशाने राज्यभर फुकट ग्रंथालयांचं जाळं, ही कल्पना आपल्या देशात नवी होती.

खेड्यांसाठी तर झकास युक्ती होती. लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवायची. वाचून झाली की पेटी परत, दुसरी हजर. जाण्यायेण्याचा खर्च सरकारचा. गावाला स्वतःचं वाचनालय काढायचं असेल तर गावाने जमवलेल्या रकमेइतकीच रक्कम सरकार घाली आणि तितकीच प्रांत पंचायत. पुढे मध्यवर्ती ग्रंथालयाला नवी इमारत मिळाली. त्यात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. सिव्हिलवाल्यांनी एकदा जाऊन पाहावीच.

पण सगळं गोडगोड नाही. १९१३ मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथलं ग्रंथालय त्याने अक्षरशः पिंजून काढलं. कराराप्रमाणे १९१७ मध्ये तो बडोद्याच्या नोकरीत आला, तेव्हा त्या शहरात त्याला राहायला जागा मिळेना. कचेरीत अपमान, आणि जिथे कसाबसा आसरा घेतला त्या पारशी धर्मशाळेतूनही त्याला बाहेर काढलं. राजाने कपाटांची कुलपं काढली, पण लोकांच्या मनाची कुलपं त्याच्या हुकमाने निघाली नाहीत. महाराज मोठे होतेच, पण त्यांचं राज्य कुठे कमी पडलं हेही आपण विसरता कामा नये.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. १९४९ मध्ये त्यांच्या नावाने बडोद्यात विद्यापीठ झालं आणि ते जुनं कलाभवन त्याच विद्यापीठाची इंजिनिअरिंग शाखा बनलं.

आणि माझं पुस्तक? आठवड्याने पुन्हा गेलो. चावीवाले परत आले होते. त्यांनी कपाट उघडलं, फडक्याने धूळ झटकली आणि कार्डावर शिक्का मारला. माझ्याआधीचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता! म्हणजे दोष नुसत्या कुलपाचा नव्हता, ते उघडून मागायला कुणी आलंच नव्हतं. बारा वर्षांपर्यंत अक्षर न ओळखणारा आपल्या जिल्ह्याचा एक पोरगा खेड्यापाड्यात पुस्तकांच्या पेट्या पाठवतो, आणि आपण मात्र क्वेश्चन बँकेपलीकडे जात नाही.

तेव्हा दोस्तहो, पुढची सबमिशन संपली की जवळच्या लायब्ररीत जा आणि सिलॅबसबाहेरचं एक तरी पुस्तक मागा. रजेवर असतील चावीवाले, तर दुसऱ्यांदा जा. रियासत मात्र पंधरा दिवस माझ्याकडेच आहे, नंबर लावून ठेवा!