आराकानचे जनरल थोरात

आमच्या बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आहे. त्यामुळे लष्करातला मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणीचाच, असा माझा समज होता. जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याविषयी वाचले आणि तो दूर झाला.

कोल्हापूरजवळच्या वडगावात १९०६ साली जन्मलेले थोरात सँडहर्स्टला शिकून १९२६ साली अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकानमध्ये ते पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे प्रमुख होते. इंफाळ-कोहिमाची नावे आपण ऐकतो. आराकान मात्र कोणाच्या ध्यानात नसते. भरतीला पाण्याखाली जाणारी खाजणे, खारफुटी, चिखल, मलेरिया आणि टेकड्यांत खंदक खणून बसलेला जपानी शत्रू! जानेवारी १९४५ मध्ये कांगॉ येथे जपान्यांचा माघारीचा रस्ता तोडायचा होता. त्यासाठी मेलरोझ ही टेकडी घेणे भाग होते. थोरातांच्या जवानांनी हातघाईची लढाई करून ती जिंकली. थोरातांना डी.एस.ओ. हा बहुमान मिळाला.

त्याच ब्रिगेडमधील दुसऱ्या पलटणीचे प्रमुख होते कोडगूचे थिमय्या. कन्नड विभागाच्या वाचकांना हे नाव सांगायला नको. १९५३ साली कोरियातही हे दोघे शांतिकार्यासाठी पुन्हा एकत्र आले. थोरात १९६१ साली निवृत्त झाले आणि १९९२ साली वारले.

प्रमुखांची नावे इतिहासात राहिली. त्या टेकडीवर पडलेल्या शिपायांची नावे मात्र मी वाचलेल्या पानांत नव्हती. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला ही आपल्या खात्यावरची न फिटलेली बाकी वाटते.