विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड

विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड (७ ऑक्टोबर, इ.स. १८३२ - २३ जून, इ.स. १९०५) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व प्राणिशास्त्रज्ञ होते. दख्खनच्या पठारावरील लाव्हाथरांच्या अभ्यासातील त्यांचे काम पायाभूत मानले जाते.

जीवन

ब्लॅनफर्ड यांचा जन्म लंडन येथे झाला. रॉयल स्कूल ऑफ माइन्स व जर्मनीतील फ्रायबर्ग येथे शिक्षण घेऊन इ.स. १८५५ मध्ये ते भाऊ हेन्री यांच्यासह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. ब्रह्मदेशातील पोपा या मृत ज्वालामुखीलाही त्यांनी भेट दिली होती.

लाव्हाथरांचा अभ्यास

नागपूरजवळ टाकळी येथे बेसाल्टच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गोगलगायींचे व वनस्पतींचे जीवाश्म असलेला गाळ आढळतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या मते हा गाळ आधी साचला आणि खालचा लाव्हा नंतर त्याखाली घुसला. तसे असते तर गाळाचा तळही भाजलेला दिसायला हवा. ब्लॅनफर्ड यांनी इ.स. १८६७ च्या प्रबंधात वेगळा अर्थ लावला: एक प्रवाह थिजला, त्यावर तळी साचली, जीवसृष्टी वाढली, मग पुढचा प्रवाह आला. म्हणजेच उद्रेकांमध्ये मोठे खंड होते. हा मुद्दा दिसतो त्याहून मोलाचा आहे. आज जागृत ज्वालामुखीभोवती दीर्घकालीन धोक्याचे नकाशे करतानाही जुने प्रवाह कुठवर पसरले आणि किती काळाने आले, हेच आधी पाहिले जाते. ब्लॅनफर्ड यांच्यापुढे अर्थातच असा धोका नव्हता; हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

चांदा परिसर

नागपूर व चांदा (आताचे चंद्रपूर) भागातही त्यांनी सर्वेक्षण केले. या जिल्ह्यात वरोऱ्याकडे काळा पाषाण आढळतो, तर पूर्वेला सिंदेवाहीच्या जंगलपट्ट्यात त्याहून कितीतरी प्राचीन नाइस खडक उघडे पडलेले आहेत. मात्र लाव्हाची आजची कड ही त्याची मूळ सीमा नव्हे. बराचसा भाग झिजून गेला आहे; त्यामुळे निव्वळ कडेवरून प्रवाहांचा विस्तार ठरवणे फसवे ठरते.

गोदावरीकाठी सिरोंचाजवळ त्यांना जर्डनचा धाविक हा दुर्मीळ पक्षी आढळला होता. पुढे अनेक दशके तो नामशेष समजला जात होता, इ.स. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशात तो पुन्हा सापडला.

उत्तरायुष्य

हेन्री मेडलिकॉट यांच्यासह लिहिलेला भारताच्या भूविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले व पुढच्याच वर्षी त्यांना वोलास्टन पदक मिळाले. ब्रिटिश भारतातील प्राण्यांवरील ग्रंथमालेचे संपादन त्यांनी केले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.