कापूस वेचणारी फॅनी लू

फॅनी लू हेमर हे नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात मात्र रूलव्हिल नावाच्या लहानशा गावी तिच्या नावाची बाग आहे, पोस्ट ऑफिसलाही तिचंच नाव दिलंय. त्याच गावात तिला एकेकाळी मताचा अधिकार मागितला म्हणून घराबाहेर काढलं होतं.

६ ऑक्टोबर १९१७ चा तिचा जन्म. वीस भावंडांतलं हे शेंडेफळ. आईवडील गोऱ्या मालकाच्या जमिनीवर बटाईनं कापूस पिकवायचे. वडील रविवारी चर्चमध्ये प्रवचनही करत. सहाव्या वर्षी फॅनी वेचणीला लागली. लहानपणीच्या पोलिओमुळे ती जन्मभर लंगडली. वडिलांनी पैपै साठवून खेचरं घेतली, घर सावरू लागलं, तर कुणीतरी जनावरांना विष घातलं. ते घर पुन्हा वर आलं नाही. शाळा सुटली, पण वाचता येत होतं. घरात वाचायला होतं बायबल. ते तिनं इतकं वाचलं, की पुढे तेच तिचं हत्यार झालं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बायबल गोऱ्या मालकाच्या घरातही होतं. काळ्यांना देवानंच खालचं केलंय असं सांगायला नोहाच्या शापाची गोष्ट वापरली जायची. हा देश गोऱ्या ख्रिस्ती माणसांचा, त्यांनीच तो चालवायचा, अशी पक्की समजूत. कू क्लक्स क्लॅन ही दहशत माजवणारी टोळी तर जळता क्रूस घेऊन फिरायची आणि स्वतःला धर्मरक्षक म्हणवायची. १९६३ मध्ये राज्याच्या राजधानीत, जॅक्सनमध्ये, काळी मुलं उपासनेला गेली तर गोऱ्यांच्या चर्चच्या दारातूनच त्यांना परत पाठवत. काहींना पायरीवर अटकही झाली. देवाच्या दारात अटक! आपल्याला हे नवं नाही म्हणा.

गुलामांच्या वंशजांनी त्याच पुस्तकातून वेगळंच उचललं. मोशेनं इजिप्तच्या राजाच्या तावडीतून गुलामांना सोडवून नेलं, ती कथा त्यांना आपली वाटली. जमीन मालकाची, शाळा सरकारची. चर्च तेवढं त्यांचं स्वतःचं. म्हणून सभा तिथेच भरायच्या आणि बंडाची हिंमतही तिथेच यायची.

फॅनीचं लग्न पेरी हेमर या ट्रॅक्टरवाल्याशी झालं. मळ्यावर ती हजेरी आणि कापसाच्या वजनाची नोंद ठेवायची. मालकाचा काटा खोटा. त्याचं लक्ष नसलं की ही आपलं खरं वजन लावून मजुरांना त्यांचा हक्काचा पैसा मिळवून द्यायची. १९६१ मध्ये गाठ काढायला दवाखान्यात गेली, तर डॉक्टरनं तिला न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. तिकडच्या गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे सर्रास होत होतं. नवरा-बायकोनं दोन मुली मात्र मायेनं वाढवल्या.

ऑगस्ट १९६२. रूलव्हिलच्या विल्यम चॅपेल चर्चमध्ये सभा होती. काळ्यांनाही मताचा अधिकार आहे हे तिनं तिथे पहिल्यांदा ऐकलं. वय चव्वेचाळीस! त्या रात्री प्रवचन देणारे जेम्स बेव्हल हे जेम्स लॉसन यांच्या शिबिरांत तयार झालेले. आणि हे लॉसन १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करून परत गेले होते. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

३१ ऑगस्टला अठरा जण बसनं इंडियानोला या तालुक्यासारख्या गावी नाव नोंदवायला गेले. काळ्यांना दाबून ठेवण्यासाठी गोऱ्या प्रतिष्ठितांनी काढलेली ‘सिटिझन्स कौन्सिल’ १९५४ मध्ये याच गावात सुरू झाली होती. नोंदणीसाठी राज्यघटनेतलं एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायचा होता. तिला अर्थातच नापास केलं. परतताना पोलिसांनी बस अडवली, कारण काय, तर बसचा रंग फार पिवळा आहे म्हणे! सगळे घाबरून बसलेले. तेव्हा ही मागून चर्चमधली गाणी म्हणू लागली आणि बसमधल्यांचा धीर परत आला. घरी पोचते तर मालकानं सांगितलं, अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. अठरा वर्षं तिथे राबली होती ती. त्याच रात्री निघाली. काही दिवसांनी ती ज्या घरात उतरली होती, त्यावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. ती तिथे नव्हती म्हणून वाचली.

खरं मोल द्यावं लागलं ते जून १९६३ मध्ये. प्रशिक्षणाहून येताना विनोना गावी पोलिसांनी तिला आणि सोबत्यांना पकडलं. पोलिसांनी हुकूम देऊन दोन काळ्या कैद्यांकडूनच तिला चामड्याच्या जड सोट्यानं मारायला लावलं. मूत्रपिंडाला इजा झाली, डोळ्यात गाठ आली, लंगडणं वाढलं. त्या कोठडीत जेलरची बायको थोडी माणुसकीनं वागली. आपण ख्रिस्ती धर्मानं जगायचा प्रयत्न करतो, असं ती म्हणाली. फॅनीनं तिला रागानं उत्तर दिलं नाही. तिला बायबलमधली दोन ठिकाणं वाचायला सांगितली. एक नीतिसूत्रांत, द्वेष लपवला तरी उघडा पडतो या अर्थाचं. दुसरं प्रेषितांच्या कृत्यांत, सगळ्या माणसांचं रक्त एकच या अर्थाचं. त्या बाईनं ती लिहून घेतली. पुन्हा ती फिरकली नाही. मारणाऱ्या पोलिसांना डिसेंबरात सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं निर्दोष सोडलं.

तिचा राग फक्त गोऱ्यांवर नव्हता हं. भीतीनं चर्चची दारं बंद ठेवणाऱ्या आपल्याच धर्मगुरूंनाही ती भर सभेत सुनवायची. त्यांची भीती खोटी नव्हती. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्यांची तीसहून जास्त चर्चेस जाळली किंवा उडवली गेली. विल्यम चॅपेलवरही आगीचा गोळा पडला. पण मला विचाराल तर तिचंच बरोबर होतं. देऊळ नुसतं सांभाळून काय करायचं?

त्याच ऑगस्टात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिनं मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींच्या जागेवर हक्क सांगितला. टीव्हीसमोर विनोनाची हकिकत सांगत असतानाच अध्यक्ष जॉन्सननी घाईनं पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे तिकडे वळले. रात्री बातम्यांत मात्र साऱ्या देशानं तिला ऐकलं. दोन जागांवर बोळवण करायचं ठरलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी समजावलं, तरी तिनं नाही म्हटलं. पुढल्या वर्षी, १९६५ मध्ये, मतदान हक्काचा कायदा झाला.

मत मिळालं तरी पोट रिकामंच राहिलं. १९६७ मध्ये थोरली मुलगी वेळेवर उपचार न मिळाल्यानं गेली. तिच्या दोन लहान मुली फॅनीनं पदराखाली घेतल्या. मग डुकरांची बँक निघाली. कुटुंबाला गाभण मादी द्यायची, पिल्लं झाली की काही पुढच्या घरी जायची. १९६९ मध्ये चाळीस एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू झाली आणि वाढत सहाशे एकरांवर गेली. पण पूर, दुष्काळ आणि कर्ज यांत काही वर्षांतच ती बुडाली. तिचं दुखणंही वाढत गेलं.

१४ मार्च १९७७ रोजी एकोणसाठाव्या वर्षी ती वारली. अंत्यविधी त्याच विल्यम चॅपेल चर्चमध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं तिला मरणोत्तर सर्वोच्च नागरी पदक दिलं. रूलव्हिलला फ्रीडम फार्मनं घेतलेल्या जमिनीच्या एका तुकड्यात तिची कबर आहे आणि शेजारी पेरीची.