बालशिक्षणाच्या अग्रदूत ताराबाई मोडक

लहान मुलास वाचावयास शिकवणे म्हणजे अंकलिपी हाती देऊन अक्षरे घोकून घेणे, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण करून ही समजूत बदलण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांच्या जीवनकार्याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घरात प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे संस्कार होते. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस, आल्या; परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्यांनी राजकोटच्या महिला महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले आणि पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

गिजुभाईंनी इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धत तेथे आणली होती. या पद्धतीत मूल प्रथम अक्षराचा ध्वनी ऐकते, खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते, सुटी अक्षरे जुळवून शब्द तयार करते आणि त्यानंतर वाचू लागते. म्हणजे कान, जीभ व हात तयार झाले की वाचन सहज येते. गिजुभाईंनी त्यास गोष्टी व गाणी यांची जोड दिली.

१९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. मात्र हे शिक्षण केवळ शहरातील सुस्थित मुलांपुरते राहू नये, या तळमळीने १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया व पाने आली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून थोरल्यांची शाळा बुडू नये, यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा विकासवाडीत एकत्र आल्या.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाले. १९७५ पासून शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यास या कार्यातून काय घेता येईल? येथील कोलाम व गोंड समाजातील अनेक बालकांच्या घरी कोलामी वा गोंडी बोलली जाते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. अशा बालकासमोर एकदम मराठी पुस्तक ठेवले, तर अक्षर ओळखूनही अर्थ लागत नाही, आणि ते मंदबुद्धीचे ठरवले जाते. ताराबाईंचा मार्ग अनुसरायचा तर प्रथम त्याच्या घरचे शब्द, गाणी व गोष्टी ऐकाव्या लागतील. अक्षराची ओळख त्यानंतर.

आपल्या गावच्या अंगणवाडीत आपण कधी तासभर जाऊन बसलो आहोत काय? मुलांना एक गोष्ट सांगण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. ताराबाईंचे स्मरण करताना आपण सर्वांनी एवढे तरी अवश्य करावे.