मार्शा क्रॉकर नॉइस

मार्शा क्रॉकर नॉइस (इ.स. १८६९ – नोव्हेंबर, इ.स. १९४६) या अमेरिकन वैद्यकीय ग्रंथपाल होत्या. वैद्यकीय ग्रंथालयांच्या 'मेडिकल लायब्ररी असोसिएशन' या संघटनेच्या संस्थापक सदस्यांत त्यांचा समावेश होतो. या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष, तसेच अध्यक्षपदावर आलेल्या डॉक्टर नसलेल्या पहिल्या व्यक्ती होत.

प्रारंभिक जीवन

नॉइस यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथे झाला. पुढे त्या मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात आल्या व तेथील 'इनॉक प्रॅट फ्री लायब्ररी' या सार्वजनिक ग्रंथालयात काम करू लागल्या. वैद्यकशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

ग्रंथपालपद

मेरीलँडमधील डॉक्टरांची संस्था असलेल्या 'मेडिकल अँड कायरर्जिकल फॅकल्टी'ची स्थापना इ.स. १७९९ मध्ये झाली होती. तिचे ग्रंथालय इ.स. १८३० पासूनचे असले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते दुर्लक्षित अवस्थेत होते. जॉन्स हॉपकिन्स येथील प्रख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी त्याच्या पुनरुज्जीवनात पुढाकार घेतला आणि इ.स. १८९६ मध्ये नॉइस यांची ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. वैद्यकीय परिभाषा व ग्रंथांचे वर्गीकरण त्या कामातूनच शिकल्या. संस्थेच्या इमारतीतच त्यांचे वास्तव्य असे. त्यामुळे डॉक्टरांना अवेळीही संदर्भ मिळू शकत. त्यांच्या कारकिर्दीत सुमारे ७,००० ग्रंथांचा संग्रह ६५,००० च्या आसपास पोहोचला.

संघटनेची स्थापना

त्या काळी वैद्यकीय नियतकालिके महाग होती आणि लहान ग्रंथालयांत त्यांचे संच अपूर्ण असत. एका ग्रंथालयात जादा पडून असलेला अंक दुसऱ्याला हवा असे. परंतु तो कोठे आहे हे कळण्याची सोय नव्हती. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथपाल मार्गारेट चार्लटन यांनी अशा ग्रंथालयांच्या संघटनेची कल्पना ऑस्लर यांच्यापुढे मांडली, असे मानले जाते. २ मे, इ.स. १८९८ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉर्ज गूल्ड यांच्या पुढाकाराने चार डॉक्टर व चार ग्रंथपाल एकत्र आले आणि 'असोसिएशन ऑफ मेडिकल लायब्रेरियन्स' स्थापन झाली. नॉइस या चार ग्रंथपालांपैकी एक होत्या. गूल्ड पहिले अध्यक्ष झाले. इ.स. १९०७ मध्ये संघटनेने सध्याचे नाव स्वीकारले.

सदस्यत्व सर्वांना खुले नव्हते. किमान ५०० ग्रंथ, ठरावीक वेळा आणि नियमित सेवक असलेल्या वैद्यकीय ग्रंथालयांच्या प्रतिनिधींनाच प्रवेश मिळे. संघटनेचे मुख्य काम विनिमय केंद्राचे होते. सदस्य ग्रंथालयांकडील जादा अंक व ग्रंथ गोळा करून ते गरजू ग्रंथालयांना पाठविले जात. मोठा निधी नसलेल्या ग्रंथालयांना संच पूर्ण करण्याचा हा परवडणारा मार्ग होता. नॉइस यांनी हे केंद्र काही वर्षे बाल्टिमोरमधून चालविले. याद्या, पत्रव्यवहार व पार्सले यांचे हे काम फारसे नजरेत भरणारे नव्हते. मात्र सदस्यत्वाचा प्रत्यक्ष लाभ ग्रंथालयांना त्यातूनच मिळत असे.

अध्यक्षपद

स्थापनेनंतर सुमारे साडेतीन दशके संघटनेचे अध्यक्षपद डॉक्टरांकडेच राहिले. दैनंदिन काम बहुतांशी ग्रंथपाल करीत असले, तरी नेतृत्व वैद्यकीय पदवीधरांनी करावे असा प्रघात होता. इ.स. १९३४ मध्ये नॉइस अध्यक्षपदी असताना हा प्रघात मोडलेला होता. वैद्यकीय ग्रंथपालन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता पावण्याच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची मानली जाते.

निधन व वारसा

ग्रंथपालपदाची सुमारे ५० वर्षे पूर्ण करून नोव्हेंबर, इ.स. १९४६ मध्ये नॉइस यांचे निधन झाले. वैद्यकीय ग्रंथपालनातील उल्लेखनीय योगदानासाठी मेडिकल लायब्ररी असोसिएशनतर्फे दिला जाणारा सर्वोच्च सन्मान 'मार्शा सी. नॉइस पुरस्कार' या नावाने ओळखला जातो.