आचार्य धर्मानंद कोसंबी : एका आत्मशोधाची कथा

मनुष्य जन्मास येतो तो घराण्याचे नाव, गोत्र, कुलदैवत आणि ज्ञाती हे सारे बरोबर घेऊनच. आपण कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला बारशाच्या दिवशीच मिळालेले असते व बहुतेकांना ते जन्मभर पुरते. क्वचित एखाद्यास मात्र ते अपुरे वाटते. असा मनुष्य घराबाहेर पडला म्हणजे त्याची श्रद्धा त्याला कोठे नेते व त्याला कसा घडविते, हे पाहावयाचे असेल तर आपल्या सारस्वत समाजात जन्मलेले आचार्य धर्मानंद कोसंबी ह्यांचे चरित्र अवलोकन करावे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ ह्या गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. १८९१ साली चिखली येथील लाड घराण्यातील बाळाबाई ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नारळीची बागायत पाहावी आणि संसार करावा, एवढेच भविष्य त्यांच्यापुढे दिसत होते. पण मन त्यात रमेना. अशा उदास स्थितीत १८९७ साली ‘बालबोधमेवा’ ह्या मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. मासिक मुलांचे, आणि तेही अमेरिकन मिशनऱ्यांनी चालविलेले! ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या मासिकाने एका सारस्वत तरुणास बुद्ध भेटवावा, ही घटना चमत्कारिक खरी. परंतु श्रद्धेचे बीज कोणत्या वाऱ्याने येऊन पडेल, हे कोणी सांगावे?

१८९९ साली त्यांना कन्यारत्न झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी घर सोडले. येथे आम्हांस क्षणभर थांबणे प्राप्त आहे. चरित्रकार बहुधा नायकाबरोबर पुढे निघून जातात. उंबरठ्याच्या आत राहिलेल्या माणसांकडे वळून पाहत नाहीत. तान्हे मूल मांडीवर घेऊन बाळाबाईंनी सुमारे सात वर्षे वाट पाहिली. पतीच्या ज्ञानसाधनेचे मोल त्यांनीही भरले आहे. हा हिशेब डोळ्यांआड करून धर्मानंदांची थोरवी गाणे आम्हांस उचित वाटत नाही.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा परिचय झाला. तेथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले. अन्नछत्रात जेवावे आणि संस्कृताचे अध्ययन करावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे बौद्ध धर्म जिवंत पाहावयास मिळेल ह्या आशेने ते नेपाळात गेले. परंतु तेथील त्याची अवनत दशा पाहून निराश झाले. दुसरा एखादा तेथूनच घरी परतला असता. धर्मानंद बुद्धगया व कलकत्ता करीत १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले व श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली. काशीस ब्राह्मण विद्यार्थी म्हणून राहिलेला तरुण आता ज्ञाती-गोत्र मागे टाकून भिक्षापात्र हाती घेऊन चालू लागला.

येथे कथा संपली असती, तर एक नाव टाकून दुसरे घेतले, एवढेच म्हणता आले असते. परंतु १९०६च्या सुमारास कलकत्त्यास पालीच्या अध्यापनाचे कार्य समोर येताच त्यांनी चीवर उतरविले. ज्या वस्त्रासाठी घरदार सोडले, तेच वस्त्र कार्याच्या आड येते असे दिसताच खाली ठेवणे, ही गोष्ट सोपी नव्हे. श्रद्धा ढळली म्हणून त्यांनी वस्त्र सोडले नाही. बुद्धाचे वचन स्वदेशी लोकांच्या हाती देणे हेच आपले जीवितकार्य, अशी त्यांची खूण पटली होती. ह्याच काळात ते गोव्यास जाऊन पत्नी व कन्येस भेटले आणि संसार पुन्हा सुरू झाला. १९०७ साली जन्मलेले त्यांचे पुत्र दामोदर पुढे थोर गणिती व इतिहाससंशोधक झाले.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे. कलकत्त्याची अधिक वेतनाची जागा सोडून धर्मानंदांनी ती स्वीकारली. १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाच्या संपादनाचे ते काम होते. श्रेय कोणाच्या नावे नोंदवावे ह्यावरून प्रो. लॅनमन ह्यांच्याशी मतभेद होताच १९१२ साली ते परतले. त्याच कामासाठी ते पुन्हा हार्वर्डला गेले. ग्रंथ मात्र त्या मालेत त्यांच्या पश्चात १९५० साली निघाला. मधल्या काळात, १९१२ ते १९१८, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली आणि पुरुषोत्तम विश्वनाथ बापट ह्यांच्यासारखे विद्वान शिष्य तयार केले.

त्यांची श्रद्धा अंध कधीच नव्हती. रोगी, वृद्ध व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही लोकप्रिय कथा त्यांनी प्रमाण मानली नाही. शाक्य व कोलीय ह्यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. आराध्य दैवताचे चरित्रही तपासून घेण्यास जो कचरत नाही, त्याच्याच श्रद्धेस आम्ही डोळस म्हणतो. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. मुंबईस परळच्या कामगार वस्तीत १९३७ साली त्यांनी बहुजनविहार स्थापिला.

आयुष्याच्या अखेरीस त्यांचे मन पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माकडे, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह ह्या चार व्रतांकडे ओढले गेले. शरीर सेवेस निरुपयोगी झाले की ते अन्नत्यागाने सोडावे, असा त्यांचा निश्चय होता. एकदा महात्मा गांधींच्या आग्रहामुळे त्यांनी उपोषण सोडले. परंतु अखेर सेवाग्राम येथे ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. जन्म सारस्वताचा, जीवित बुद्धाच्या उपासकाचे आणि मरण जैन साधकाच्या रीतीचे! त्यांना कोणते एक नाव द्यावे?

आमच्या मते, धर्माने धर्मानंदांना नवे नाव दिले ह्यापेक्षा नावांवाचून जगण्याचे बळ दिले, हेच विशेष होय. ज्ञाती गेली, चीवर गेले, मानाच्या जागा गेल्या. आचरण तेवढे अखेरपर्यंत टिकले. श्रद्धा मनुष्यास घडविते ती अशी. मोल देण्यास जो सिद्ध नाही, त्याच्या अंगावर ती नुसते बाह्य चिन्ह होऊन राहते.

अशा पुरुषाचे चरित्र आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत छापणे कितपत शोभते, असे कोणी विचारील. त्यांनी ज्ञातीचा अभिमान बाळगला नाही. मग ज्ञातीने त्यांचा बाळगावा काय? आम्ही म्हणतो, अवश्य बाळगावा. मात्र हक्क सांगण्यासाठी नव्हे. उद्या आपल्याच घरातील एखादा मुलगा वा मुलगी आम्ही दिलेल्या उत्तराने समाधान न पावता निराळ्या वाटेने निघाली, तर दार लावून घेण्यापूर्वी सांखवाळच्या ह्या तरुणाचे स्मरण व्हावे, आणि घरी मागे राहणाऱ्या बाळाबाईंचेही विस्मरण त्या मुलास होऊ नये. एवढे साधले तरी हे चरित्र येथे छापल्याचे सार्थक झाले.