सिसिली विल्यम्स

सिसिली डेल्फिन विल्यम्स (२ डिसेंबर १८९३ – १३ जुलै १९९२) या जमैकात जन्मलेल्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होत्या. सुजवटी अर्थात क्वाशिओरकॉर हा कुपोषणजन्य विकार आधुनिक वैद्यकाच्या निदर्शनास आणून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

पहिल्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी कमी झाल्याने त्यांना ऑक्सफर्ड येथे वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. १९२९ साली वसाहतींच्या वैद्यकीय सेवेतून त्या गोल्ड कोस्ट (आताचा घाना) येथे गेल्या.

सुजवटीचे निदान

तेथे साधारणतः १ ते ४ वर्षांची मुले हातापायांवर सूज, जुलाब, चिडचिड आणि सोलवटलेली त्वचा अशा अवस्थेत येत व बहुधा दगावत. शवविच्छेदनात यकृतात मेद साचलेला आढळे. ही मुले मुख्यतः मक्याच्या पेजेवर वाढत होती. स्थानिक गा भाषेतील ‘क्वाशिओरकॉर’ या नावाचा अर्थ, पाठचे भावंड आल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार, असा होतो. रोगाचे कारण अशा प्रकारे मातांच्या बोलीतच नोंदलेले होते. विल्यम्स यांनी ते गांभीर्याने घेतले. १९३३ च्या लेखात त्यांनी प्रथिनांच्या अभावाची शक्यता मांडली. मात्र हा पेलाग्राच होय, असा आक्षेप घेण्यात आला. १९३५ साली ‘द लॅन्सेट’मधील लेखात त्यांनी दोन्ही रोगांतील फरक दाखवून स्थानिक नाव कायम ठेवले.

केवळ प्रथिनांचा अभाव हे स्पष्टीकरण आज अपुरे मानले जाते. सूज मात्र निदानात महत्त्वाची ठरली: सुजेमुळे वजनातील घट झाकली जाते, म्हणून दोन्ही पावलांवर दाबल्यास खळगा पडणारी कुपोषणजन्य सूज असल्यास वजन कितीही असले तरी तीव्र कुपोषण मानतात. उपचाराचा प्रारंभही भरपूर प्रथिनांनी न करता कमी प्रथिने व कमी सोडियम असलेल्या दुधाच्या मिश्रणाने करतात.

मलाया व नंतर

१९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. तेथे परिचारिकांच्या वेशातील विक्रेत्या बाळंतिणींना डब्यातील गोड आटीव दूध आईच्या दुधाऐवजी देण्यास सांगत. आफ्रिकेत दूध तुटलेल्या मुलांवर विल्यम्स यांनी असेच डब्याचे दूध उपचार म्हणून वापरले होते. तान्ह्या बाळांना मात्र ते घातक ठरत होते. १९३९ साली सिंगापुरातील ‘मिल्क अँड मर्डर’ या भाषणात त्यांनी अशा बालमृत्यूंना हत्येच्या पंक्तीत बसवले.

दुसऱ्या महायुद्धात त्या जपान्यांच्या चांगी येथील कैदेत होत्या. १९४८ मध्ये त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या माता व बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. पुढे त्यांनी बैरूत येथे अध्यापन केले. वयाच्या ९८ व्या वर्षी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.